पेठेत सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान: कोण कोण येणार?

पेठकर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं मांडतो. सोलापूरच्या पेठेतल्या, म्हणजे टिळक चौक, मधला मारुती, कुंभार वेस, बाळीवेस या पट्ट्यातल्या लोकांनी मिळून स्वतःचं वाणसामानाचं दुकान काढायचं. शेठ कुणी नाही. जे सभासद तेच गिऱ्हाईक आणि तेच मालक.

का, ते सांगतो. पेठेतली तरणी पोरं पुण्याला, नाहीतर जुळे सोलापुरात. वाड्यात उरलेत आई-बाप. ज्यांच्याकडं चारचाकी आहे ते रविवारी मॉलला जाऊन महिन्याचं भरून आणतात. दोन जिने उतरताना ज्यांचा गुडघा बोलतो त्यांनी काय करायचं? गल्लीतली जुनी किराणा दुकानं एकेक करून मोबाईल कव्हरची नाहीतर रेडिमेडची झाली. दुकानदाराच्या पोराला तराजूमागं बसायचं नाही, आणि आताचं गाळाभाडं साखर-पोहे विकून निघत नाही. जी दुकानं उरलीत तिथं तूरडाळ तीन भावांची असते आणि तिन्ही डब्यांत सारखीच दिसते.

दुसरीकडं बघा. बार्शी-दुधनीची तूर, मंगळवेढ्याची ज्वारी, जिल्ह्यातली करडई, सगळं तासा-दीड तासाच्या अंतरावर. आपण मात्र घेतो पाकिटातलं, त्याच्यावर पत्ता भलत्याच राज्याचा.

माझं गणित साधं आहे. २०० कुटुंबं, प्रत्येकी १,००० रुपयांचा भाग (शेअर), म्हणजे २ लाख. एवढ्यात छोटा गाळा आणि पहिला माल होईल असं वाटतं. जाणकारांनी बोला. टोमणे चालतील, पण सोबत एखादी कामाची गोष्टही लिहा.

कडकभाकरी

का बे, सोलापुरात ‘सहकार’ म्हणायला छाती लागते! सूतगिरण्या बघितल्या, बँका बघितल्या. आता डाळ-तांदूळ राहिले होते. असो, वाचतोय.

चाटीगल्ली

माझं नाव धरा. आई एकटी असते तिथं. सामान घरपोच देणार का, एवढं फक्त सांगा.

तराजू

मी स्वतः किराणा दुकानदार, वडिलांपासूनचा धंदा. त्यामुळं माझं बोलणं स्वार्थाचं वाटलं तर वाटू दे.

पेठकर, तुमचं गणित भांडवलाचं आहे, धंद्याचं नाही. मी मांडतो. २०० घरं, घरटी महिन्याला ३,००० रुपयांचं वाणसामान, म्हणजे ६ लाखांची उलाढाल. हे सुद्धा सगळ्यांनी सगळं तुमच्याकडूनच घेतलं तर. साबण-टूथपेस्टवर डीलर आठ-दहा टक्के सोडतो. साखरेवर आणि तेलाच्या पिशवीवर जवळपास काहीच सुटत नाही, ते गिऱ्हाईक टिकवायला ठेवायचं. डाळी, शेंगदाणा, मसाला यांत जरा बरं. सगळं मिळून ८ टक्के पकडा, ४८ हजार झाले. आता खर्च. दोन माणसं प्रत्येकी १२ हजारांनी, २४ हजार. या भागात रस्त्यावरचा गाळा १५ हजारांच्या खाली दाखवा मला. लाईट, पिशव्या, कागद, चहा मिळून ४ हजार. आणि घट. पोतं फोडून सुटं विकलं की घट येतेच. उंदीर, सांडलवंड, वजन करताना दिलेला वरचा चिमूटभर. एक टक्का धरला तरी ६ हजार. झाले ४९ हजार. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर महिन्याला हजार रुपये अंगावर.

माझं दुकान कसं चालतं मग? गाळा घरचा, पगार नाही, बायको दुपारी बसते, पोरगा संध्याकाळी. आम्ही आमची मजुरी धरतच नाही. तुम्हाला धरावी लागेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. उधारी. माझ्या गल्ल्याशेजारी जी वही आहे ना, तिच्यावर धंदा उभा आहे. मॉल भाव कमी देतो, पण वहीत मांडून घेत नाही. तुम्ही मांडणार का?

पेठकर

तराजू मालक, असंच पाहिजे होतं मला. भाड्याचं सांगायचं तर रस्त्यावरचा गाळा नकोच. वाड्याच्या आतल्या चौकातली एखादी खोली चालेल. आपलं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, पाटी बघून येणारं नाही. उधारी मात्र नाही म्हणजे नाही. सहकारात उधारी शिरली की पहिले थकबाकीदार संचालकच असतात.

सीए_नवीपेठ

नोंदणीपुरतं मी सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, त्याखाली ग्राहक संस्था म्हणून नोंदणी होते. कलम ६ प्रमाणे किमान १० माणसं लागतात, तीही वेगवेगळ्या कुटुंबांतली. त्यामुळं काका-पुतणे-सुना मिळून संस्था काढायचा सोलापुरी प्रकार इथं चालत नाही. मुख्य प्रवर्तक ठरवायचा, उपनिबंधकांकडून नाव राखून घ्यायचं, बँकेत भागभांडवल भरायचं, उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, जोडून प्रस्ताव द्यायचा.

कायद्यात काही गोष्टी तुमच्या सोयीच्या आहेत. भाग एक असो की पन्नास, मत एकच. एकूण भांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त कुणा एकाला ठेवता येत नाही. लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. म्हणजे कमाईसाठी पैसे गुंतवणारा माणूस इथं फिरकणार नाही, आणि ते चांगलंच आहे. सभासदाचा खरा फायदा लाभांशात नसतो, वर्षाच्या खरेदीवर मिळणाऱ्या परताव्यात असतो. जो जास्त सामान नेतो त्याला जास्त.

बाकी कटकटी: अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दरवर्षी सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का, दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. जीएसटीतली एक गंमत लक्षात ठेवा. सुट्या धान्य-डाळीवर कर नाही. तीच डाळ आधी पाकीटबंद करून लेबल लावून विकली तर २५ किलोपर्यंत ५ टक्के, जुलै २०२२ पासून. तेव्हा संस्थेच्या नावाची छापील पाकिटं काढायचा मोह आवरा. सभासदांनी डबा घेऊन यावं.

जुनीमिल

कडकभाकरींच्या टोमण्याला उत्तर म्हणून थोडा इतिहास. दुकानाचा सहकार ज्यांनी रुजवला ते विणकरच होते हो! इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, माणशी एक पौंड गोळा करून २१ डिसेंबर १८४४ ला दुकान उघडलं. माल काय होता? पीठ, ओटचं पीठ, साखर, लोणी आणि थोड्या मेणबत्त्या. बस. त्यांनी उधारी बंद ठेवली, कारण त्याच गावात १८३३ साली निघालेलं आधीचं दुकान उधारीपायीच दोन वर्षांत बुडालेलं. खरेदीच्या प्रमाणात परतावा, जे सीए साहेब म्हणतात, तोही त्यांचाच नियम.

आपल्याकडं मुंबईत १९४८ साली नायगावच्या गिरणगावात कामगारांनी सुरू केलेलं अपना बाजार हे ग्राहक भांडार पुढं केवढं वाढलं. चीनच्या युद्धानंतर, १९६२ च्या अखेरीस, केंद्र सरकारनंच ग्राहक भांडारांची योजना आणली आणि देशभर भांडारं निघाली. त्यांतली बरीच कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी नियंत्रणातल्या, साखरेवर आणि कापडावर जगत होती. कंट्रोल सैल झाला, रांगा गेल्या, भांडारंही गेली. म्हणजे लोक संस्थेसाठी येत नव्हते, साखरेसाठी येत होते. पेठकर, तुमच्या दुकानात लोक कशासाठी येतील, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

कडकभाकरी

मेणबत्त्या आपल्याला पण लागतील, लाईट बघता.

दादरकर_मूळसोलापूर

दुकान कशाला हवं मुळात? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकानाशिवाय हेच काम करते. एका भागातल्या काही घरांचा एक संघ. दर महिन्याला यादी भरायची, पैसे भरायचे. ठरलेल्या दिवशी ट्रक येतो, एखाद्या सभासदाच्या घरी किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये माल उतरतो आणि सभासदच तो वाटून घेतात. आमच्या संघात मी वाटपाला बसलोय. रवा कुणाचा, गूळ कुणाचा यावर गोंधळ होतो, पण महिन्यातून एकदाच. गाळा नाही, नोकर नाही, शिल्लक माल नाही. तराजू यांच्या ४९ हजारांतले निम्म्याहून जास्त इथंच वाचले. घटही कमी, कारण जेवढी मागणी तेवढीच खरेदी.

अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये १९७३ चं एक सहकारी दुकान आहे, पार्क स्लोप. तिथं सभासदानं ठरावीक आठवड्यांनी पावणेतीन तास काम करायचंच, माल लावायचा, गल्ल्यावर बसायचं. तरच खरेदीचा हक्क. पगार वाचवायचा तो असा.

पेठकर

दादरकर, यादीचं पटतंय, पण दुकान दिसलं पाहिजे. वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी पाव किलो रवा लागला तर तो महिन्याची यादी काय करणार?

अक्का_साखरपेठ

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिता सगळे. पण तुम्ही सगळे महिन्याच्या पगाराचे लोक, म्हणून महिन्याची यादी करता.

आमच्या पूर्व भागात पैसा आठवड्याला येतो. यंत्रमागावरच्या माणसाचा हिशेब आठवड्याला होतो. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर, त्यातून छाट, म्हणजे नापास केलेल्या विड्या, वजा, तीही आठवड्यानंच हातात. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उभं राहून बघा. बाई येते, मागचे देते, वहीत रेघ मारून घेते आणि लगेच पुढचं मांडून घेते. तांदूळ पाच किलो, तेल एक पिशवी, डाळ अर्धा, चहापत्तीची पुडी, साबण एक. एकदम तेवढी रोख हातात कधीच नसते, त्यामुळं पंचवीस किलोचं कट्टं तिला परवडत नाही. म्हणून तिला पुडीचा भाव लागतो, आणि पुडीचा भाव सगळ्यात महाग. ज्याच्याकडं पैसा कमी त्याला किलोमागं जास्त द्यावे लागतात. हे बदलायचं असेल तर मी आहे तुमच्याबरोबर. वाड्यातल्या पेन्शनवाल्यांसाठी स्वस्त सेंद्रिय गूळ आणायचा असेल तर ते तुमचं तुम्ही करा, माझा आशीर्वाद आहे.

पेठ आणि पूर्व भाग हे काही दोन गावं नाहीत. कन्ना चौकातून मधल्या मारुतीला चालत किती वेळ लागतो? यादी करायची तर आठवड्याची करा. आमच्याकडं भात जास्त, तुमच्याकडं भाकरी जास्त, तेवढा फरक.

आणि उधारीबद्दल. सगळे विणकरांचं उदाहरण देताय, बरोबर आहे. पण आठवड्याची उधारी ही आमच्याकडं उधळपट्टी नसते. काम आधी, मजुरी नंतर, मधले सहा दिवस खायचं काय? उलट आम्हीच मालकाला आठवडाभराची मजुरी उधार दिलेली असते, ती कुणी वहीत मांडत नाही.

तराजू

अक्का, नमस्कार. तुम्ही लिहिलंय तेच मी दुकानात रोज बघतो. वही बंद केली की बाई येणार नाही. वही उघडी ठेवली की संस्था राहणार नाही. माझी बुडीत गेली तर मी बायकोची बोलणी खातो आणि पुढं चालतो. संस्थेची गेली तर लेखापरीक्षक लिहितो.

एक सुचवतो. प्रत्येक सभासदाची एका आठवड्याच्या सामानाएवढी रक्कम संस्थेकडं आधी जमा असू द्या. समजा ६०० रुपये. एकदम नको, आठवड्याला पन्नास-पन्नास करून साठवू द्या. ती भरली की तिला तेवढ्या रकमेपर्यंत मांडून घ्या. म्हणजे ती तिच्याच पैशाची उधारी घेते. वहीची सोय राहिली, बुडायची भीती गेली.

अक्का_साखरपेठ

हे चालेल. आमच्या बायका भिशी लावतातच, त्यांना समजावून सांगायला वेळ लागणार नाही. पण पैसे मध्येच परत मागितले तर मिळाले पाहिजेत. लग्न, दवाखाना सांगून येत नाही.

सीए_नवीपेठ

तराजू यांची कल्पना चांगली आहे, फक्त कागदावर नीट आणा. सभासदांकडून ठेव घ्यायची तर उपविधीत तशी तरतूद लागते. परत किती दिवसांत देणार तेही लिहा. ही रक्कम माल खरेदीत अडकवू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. नोंदणी व्हायच्या आधी ठेवी गोळा करायच्या नाहीत. तोवर ज्याला जे पाहिजे त्याचे पैसे त्याच वेळी, हिशेब त्याच दिवशी बंद.

मालदांडी

मालाबद्दल कुणीच बोललं नाही. मी शेतकरी, सोलापूरला धान्य घेऊन येतो, म्हणून दोन शब्द.

ज्वारी आमच्याकडून थेट घ्या, जरूर घ्या. पण वर्षभर तोच भाव मागू नका. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चला निघते, तेव्हा घेतली तर स्वस्त, दिवाळीला तीच महाग, आणि तोवर ठेवायची जबाबदारी तुमची. पूर्वी लोक उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचे ते याचसाठी. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्याच केंद्रात निवडलेलं, भाकरीला त्याच्यासारखी ज्वारी नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळं त्या नावाखाली काहीही खपवतात. दाणा दाताखाली फोडून बघा. कट्ट वाजला तर वाळलेली आहे. दबला तर घेऊ नका, महिन्यात सोंडे लागतील.

तुरीचं वेगळं. तूर विकत घेऊन डाळ करायची म्हणाल तर क्विंटलला सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ उतरते, बाकी चुणी आणि टरफल. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये. त्या भावानं तूर घेतली आणि ७२ किलो डाळ पडली तर नुसत्या तुरीचेच किलोला १११ रुपये झाले. चुणी गुरांना विकून थोडे परत येतात, वर भरडाई, हमाली, गाडीभाडं. बाजारात तूर कधी हमीभावाच्या खालीही जाते, तेव्हा आम्ही रडतो आणि तुम्हाला डाळ स्वस्त मिळते. तुमची संस्था त्या वर्षी काय करणार? मार्केट यार्डातून पडेल भावानं उचलणार की आम्हाला हमीभाव देणार? सभासदांना आधीच विचारून ठेवा. नाहीतर पहिल्याच सभेत शेतकऱ्याचा कळवळा आणि स्वस्त डाळ दोन्ही एकदम मागतील.

पेठकर

मालदांडी, खरं बोललात. माझं मत: पहिली दोन वर्षं यार्डातून किंवा बार्शीच्या गिरणीतून डाळ घ्यायची, आणि ज्वारी तेवढी थेट, मार्चमध्ये, ज्यांनी वर्षाची आगाऊ मागणी दिली त्यांच्यापुरतीच. डाळमिलच्या भानगडीत आत्ता पडायचं नाही.

जुनीमिल

हरकत माझी. मग तुमच्यात आणि घाऊक दुकानदारात फरक काय राहिला?

पेठकर

वजन पुरं, भाव पाटीवर लिहिलेला, खरेदीची पावती ज्याला पाहिजे त्यानं बघावी. मागं एका दुकानात मी पावती मागितली तर ‘किती रुपयांसाठी विचारता’ म्हणून सगळ्यांसमोर हसले. तुम्ही एक वाक्य मागितलं होतं ना? हे घ्या: ज्या भावानं आणलं तो भाव इथं सगळ्यांना दिसतो.

जुनीमिल

बरं. हे पटलं. तरी डाळमिलचा विषय दोन वर्षांनी काढणार मी.

चाटीगल्ली

सगळं खरं, पण घरपोच?

कडकभाकरी

मी देईन पोचवून. टिळक चौक ते बाळीवेस, रविवारी सकाळी, सायकलवर. टोमण्याला कामाची गोष्ट जोडायची होती ना, ही घ्या. दोन जिन्यांच्या वर मात्र दोर सोडा, पिशवी बांधतो.

पेठकर

मग ठरवून टाकू. गाळा नाही, पाटी नाही. एकाच वाड्याच्या चौकात दर आठवड्याला वाटप, पेठेची वीस घरं आणि अक्कांच्या गल्लीतली वीस. जिनसा आठच: ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, साखर, गूळ, शेंगदाणा, तेल, चहा. तीन महिने हे चाललं तर नोंदणीचा प्रस्ताव, नाही चाललं तर प्रत्येकाचा हिशेब चुकता करून रामराम. पाव किलो रव्याचा प्रश्न उरतो, मला मान्य आहे. तोवर तराजू मालक आहेतच.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी ८ ला ठेवू?

अक्का_साखरपेठ

रविवारी आमच्याकडं पाणी येणार आहे. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी बाईमाणूस घराबाहेर पडत नाही. पुरुषांचीच बैठक करायची असेल तर करा. शनिवारी संध्याकाळी ठेवली तर मी आठ-दहा जणींना घेऊन येते.

पेठकर

शनिवार, संध्याकाळी ७. वाटपाचा वारही त्या दिवशी तुमचं पाण्याचं वेळापत्रक बघून ठरवू. तराजू मालक, तुम्ही याल का? तुमच्या विरोधातलं काम आहे तसं.

तराजू

येतो. वीस घरांनी माझं दुकान बुडत नाही. शिक्का मारलेला जुना काटा आहे माझ्याकडं, पहिल्या महिन्यापुरता वापरा. एक मात्र आत्ताच लिहून ठेवा: रिकामं बारदान. ज्वारीचं पोतं संपलं की पोत्याचे वेगळे पैसे येतात, तेलाच्या डब्याचेही येतात. ते कुणाच्या नावावर जमा होणार?

सीए_नवीपेठ

संस्थेच्या. ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळी ओळ करतो.

कडकभाकरी

डबा मला पाहिजे होता राव, तुळस लावायला.

अक्का_साखरपेठ

वीस रुपये भरा आणि न्या.